जुन्या मासिकांची मुखपृष्ठं: त्यांच्यात आपल्या खेड्याचा काळ सापडतो का?

काळीकसदार
राम राम मंडळी.
दर्यापूरजवळच्या आमच्या गावातलं जुनं घर उतरवायला काढलं आहे. माडीवरच्या सागवानी पेटीत मोठ्या आईनं जपलेली मासिकांची कव्हरं निघाली. अंक बहुतेक रद्दीत गेले असावेत, पण कव्हरं तिनं सोडवून लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवली होती. किर्लोस्कर, स्त्री, मनोहर, नागपूरचं उद्यम आणि काही दिवाळी अंक. चित्रकार दीनानाथ दलालांच्या सहीची काही आहेत, रघुवीर मुळगावकरांची आहेत, काहींवर सहीच नाही.

त्यातल्या एका कव्हरापाशी मी अडकलो आहे. जांभळ्या पातळातली एक बाई वेताच्या खुर्चीत बसून पुस्तक वाचते. मागे तिपाईवर रेडिओ, वरती घुमटीचा विजेचा दिवा. मासिकाचं नाव फाटून गेलं, सहीचा कोपराही गेला. चित्र देखणंच आहे. पण आमच्या गावात विजेचे खांब आले ते 1970 नंतर. हे कव्हर घरात आलं तेव्हा मोठी आई रोज संध्याकाळी कंदिलाची काच राखेनं पुसत असेल.

माझं मत मांडतो. ही कव्हरं त्यांच्या काळाची साक्ष देतात असं नेहमी म्हटलं जातं, पण तो काळ गिरगाव आणि सदाशिव पेठेतला. वऱ्हाडातल्या खेड्याचा काळ त्यांच्यात नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि कोणाकडे अशी कव्हरं असतील तर त्यांच्यावर काय आहे, तेही सांगा.

पूर्णाकाठ
भाऊ, कव्हरात गाव नसंन, पन गावात कव्हर होतं ना! आमच्या घरी त पोतारलेल्या भितीवर खळ लावून चिकटवत. मधात मुळगावकराची लक्ष्मी, एका बाजूले साबनाच्या जाहिरातीतली नटी, दुसऱ्या बाजूले नेहरू. आमची बुढी लक्ष्मीले हात जोडे त नटीलेही पाया पडल्यासारखं व्हाये. मंग बुढा हासे अन् बुढी दिवसभर बोले नाही. शेवटी नटीले उचलून गोठ्यात लावलं.

मास्तरीण
काळीकसदार, मोठ्या आईंनी कव्हरं लुगड्यात बांधून ठेवली, यातच तुमच्या प्रश्नाचं बरंच उत्तर आहे असं मला वाटतं. त्यांना त्या बाईत काहीतरी स्वतःचं दिसलं असणार.

मी वरुड भागात शिक्षिका होते. तिथल्या जुन्या बायकांकडून ऐकलेलं सांगते. मासिकाचं कव्हर आधी शिंप्याकडे जायचं. फुग्यांच्या बाह्या, पाठीवरचा गळा, पातळाचा पदर पिन लावून कसा घ्यायचा, हे सगळं त्या चित्रांवरून गावात आलं. नऊवारीतून पाचवारीत जाणं हे मोठं पाऊल होतं. घरच्या बैठकीत त्याची चर्चा कोणी होऊ दिली नसती. पण कव्हरावरची पाचवारीतली बाई घरात येऊन बसली होती आणि तिला कोणी हटकत नव्हतं. ‘स्त्री’ मासिक 1930 चं. त्याचं नाव आणि त्यावरची बाई घरात उघड्यावर पडलेली असणं, हीच त्या काळात मोठी गोष्ट होती.

दलालांच्या बायकांकडे नीट पाहा. त्या सुंदर आहेत, पण नुसत्या नटून बसलेल्या नाहीत. मान वळवलेली, हातात काहीतरी काम, नजर चौकटीच्या बाहेर. दोन-तीन रेषांत खांदा उभा करायचे ते. मुळगावकरांची बाई गुळगुळीत, उजेडात न्हालेली, देवीच्या जवळची. दलालांची बाई मात्र रस्त्यात भेटेल अशी वाटते.

सातपुडा
मास्तरीणताई, रस्त्यात भेटेल, पण कोणत्या रस्त्यात? मी मूळ धाग्याशी पूर्ण सहमत आहे, उलट त्याहून पुढे जाईन.

खेडूत बाई कव्हरांवर नव्हती असं नाही, भरपूर होती. डोक्यावर घागर, कमरेला दुसरी, मागे नदी, पुढे हरणाचं पाडस. आमच्याकडची बाई कशी होती? सकाळी दहिवरात कापूस वेचायला गेलेली, कमरेला बांधलेली ओटी गच्च फुगून पोटापुढे आलेली, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा सोललेल्या, आणि संध्याकाळी काट्यावर मजुरीच्या मापासाठी रांगेत उभी. माझ्या आईचे हात तसे होते. एवढा कापूस पिकवणारा हा मुलूख, पण ती वेचणारी बाई मला एकाही दिवाळी अंकाच्या कव्हरावर दिसली नाही. चित्रकारांना दोष देत नाही. ते मुंबईत बसून अंक घेणाऱ्यांसाठी काढत होते. पण मग ‘काळाचं चित्र’ म्हणताना कोणाचा काळ, ते विचारलंच पाहिजे.

पूर्णाकाठ
सातपुडा भाऊ, हे एकदम खरं बोलले. माह्या मायच्या बोटाले आजही त्या खुना हायेत.

ट्रेडलमशीन
अमरावतीत छापखान्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं छपाईच्या अंगानं सांगतो. कव्हरावर काय काढलं याइतकंच ते कसं छापलं यातही काळ असतो. तो काळ मात्र मुंबईला आणि दर्यापूरला सारखाच लागू होता.

तेव्हाचं रंगीत कव्हर म्हणजे तिरंगी हाफटोन ब्लॉक, म्हणजे बारीक ठिपक्यांनी चित्र उमटवणारे धातूचे ठसे. पिवळा, लाल, निळा असे वेगवेगळे ब्लॉक, बरेचदा वर काळा. एकच कागद तीन-चार वेळा मशीनवरून जायचा आणि दरवेळी तो केसभरही सरकायला नको. सरकला की बाईला दोन ओठ दिसायचे. काळीकसदार, तुमच्या कव्हरावर भिंग धरून पाहा. पातळाचा जांभळा रंग म्हणजे लाल आणि निळे ठिपके शेजारी-शेजारी बसलेले दिसतील. ठिपक्याच्या कडेला शाईची गडद किनार असेल तर ते खिळ्यांच्या छपाईच्या काळातलं. ब्लॉक कागदावर दाबला जातो आणि शाई कडेला सरकते, म्हणून ती किनार पडते. ऑफसेटला तशी किनार येत नाही.

ब्लॉक महाग असायचे, म्हणून सगळी मासिकं दर महिन्याला तिरंगी कव्हर काढत नसत. वर्षभर दोन रंगांत भागवायचं आणि खरा खर्च दिवाळी अंकावर करायचा. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आलं तेव्हाचे अंक हातात घेतले की कागदाचा हलकेपणा लगेच कळतो. युद्ध समजायला कव्हरावर रणगाडा असायची गरज नाही, बोटांना कळतं ते.

तुरीच्याशेंगा
माझ्यासाठी कव्हर म्हणजे चांदोबा. बाकी सगळं नंतर. मराठी चांदोबा 1952 ला सुरू झाला, मद्रासहून छापून यायचा. राजवाडे, राक्षस, ऋषी, हत्ती. त्यात ना मुंबई होती ना वऱ्हाड. आतल्या विक्रम-वेताळाच्या चित्राखाली ‘शंकर’ अशी सही असायची. झाडाला लटकलेलं प्रेत खांद्यावर घेऊन तलवार हातात धरून चाललेला विक्रम. रात्री परसात जायला भीती वाटायची.

मग किशोर आलं, नोव्हेंबर 1971 ला, बालभारतीचं. त्याच्या कव्हरावर आमच्यासारखी पोरं दिसली. चड्डीतली, पतंग उडवणारी, झाडावर चढलेली. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तो अंक हातोहात फिरायचा, आणि कव्हर सुटलं की गुरुजी ते फळ्याशेजारी टाचून ठेवायचे.

आर्वीकर
अंक पोचायचे कसे, हेही लिहा कोणीतरी. आमच्याकडे पुलगाव-आर्वी छोटी गाडी होती. पुलगाव स्टेशनावर मोठ्या गाडीतून गठ्ठे उतरायचे, तिथून या गाडीनं आर्वीला. दिवाळी अंक दिवाळी उलटून गेल्यावर हातात पडायचा. आकाशकंदील उतरवून झालेला असायचा आणि कव्हरावरची बाई तेव्हा पणती लावत यायची.

सालई
आमच्याकडे शकुंतला, ती छोटी रेल्वेगाडी! मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि इकडे अचलपूरला. वाफेचं इंजिन 1994 पर्यंत होतं. कारंजाला उतरून मामा अंक आणायचे. गाडी इतकी सावकाश चालायची की घरी येईपर्यंत त्यांचा अर्धा अंक वाचून झालेला असायचा. आणि कव्हरावर कोळशाचे काळे ठिपके. ट्रेडलमशीन काका, ते ठिपके हाफटोनचे नव्हते हे भिंगाशिवायही कळायचं.

ट्रेडलमशीन
सालई, 😄 तो वऱ्हाडचा चौथा रंग.

पिंपळपान
जय भीम.
चर्चा चांगली चालली आहे. पण सगळे चित्रांचंच बोलत आहेत, म्हणून चित्र नसलेल्या मुखपृष्ठांबद्दल लिहितो.

बाबासाहेबांचं मूकनायक 31 जानेवारी 1920 ला निघालं. त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता. 1927 च्या बहिष्कृत भारतवर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. हे त्या पत्रांचं दर्शनी रूप. महागडे ब्लॉक करायला पैसे नव्हते हे खरं. तरी पहिल्या पानावर काय ठेवायचं हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. संतांचे शब्द ज्यांना देवळाच्या बाहेर उभं राहून ऐकावे लागले, त्यांनी ते आपल्या पत्राच्या माथ्यावर छापले. तो काळ कोणत्याही रंगीत चित्राइतकाच स्पष्ट दिसतो तिथे.

आमच्या आजोबांकडे अशा पत्रांचे अंक होते. माझ्या वडिलांनी लहानपणी ते पाहिले आहेत. ते भिंतीला लावले जात नसत. घडी घालून पत्र्याच्या डब्यात, वर लाल फडकं. पुढे गंगाधर पानतावणे सरांचं अस्मितादर्श आलं. सर नागपूरचे, त्रैमासिक औरंगाबादहून निघायचं. ते आमच्या घरी बैठकीत उघड्यावर ठेवलेलं असे, आल्या-गेल्याला दिसेल असं. डब्यातून बैठकीत, एवढा प्रवास एका पिढीत झाला. सातपुडा यांनी विचारलं, कोणाचा काळ. हा आमचा.

मास्तरीण
पिंपळपान, फार मोलाचं लिहिलंत. तो डबा अजून आहे का? असेल तर त्यातले अंक कृपा करून स्कॅन करून ठेवा.

पिंपळपान
ताई, डबा आहे. अंक पुरात भिजले, थोडेच वाचले. जे आहेत ते स्कॅन करतोच.

लाखनीवाला
विदर्भाचा चित्रकार कोणी काढेना म्हणून मीच काढतो. भाऊ समर्थ! आमच्या भंडारा जिल्ह्यातले, लाखनीचे. पुढे नागपूर. मराठी-हिंदी नियतकालिकांसाठी त्यांनी किती रेखाटनं केली याची गणती नाही. दलाल-मुळगावकरांची परंपरा एकीकडे आणि भाऊंची रेष दुसरीकडे. जाड, खडबडीत, चेहरा अर्धाच काढलेला, बाई असेल तर तिच्या अंगावर कष्ट दिसतात. सातपुडा, तुम्हाला जे कव्हरांवर सापडलं नाही ते भाऊंच्या काळ्या शाईत शोधा. वेचणी करणारी बाईच मिळेल असं सांगत नाही, पण तिच्या नात्यातली नक्की मिळेल.

सातपुडा
लाखनीवाला, धन्यवाद, नक्की शोधतो. पण माझा मुद्दा त्यानं मोडत नाही. भाऊ समर्थ ज्या अंकांतून छापून आले ते आमच्या गावापर्यंत येत नव्हते. गावात जे आलं त्यावर पाडस होतं.

आर्वीकर
शेतकरी मासिक येत होतं की ग्रामपंचायतीत! कृषी खात्याचं. त्यावर संकरित ज्वारीचं कणीस, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर. संकरित ज्वारीचं पहिलं वाण 1964 चं, सीएसएच-1. संकरित कापसाचं एच-4 हे 1970 चं. मुख्यमंत्री वसंतराव नाईक, आपल्याच पुसदकडचे. ती कव्हरं बघितली की तो सगळा काळ उभा राहतो. बियाण्याची पिशवी, रांगा, ‘हायब्रिड’ची भाकरी आणि तिला नाकं मुरडणारी म्हातारी माणसं.

सातपुडा
त्यावर माणूस कुठे होता, आर्वीकर? कणीस होतं. आणि माणूस असला तर नवा कोरा फेटा, हसरा चेहरा.

आर्वीकर
हसरा होता हे खरं. पण त्या दिवसांत हसत होते लोक. पहिल्या दोन-तीन वर्षांत हायब्रिडनं घरात धान्य आलं, ते आमच्या वडिलांनी पाहिलं. 1972 चा दुष्काळ त्यानंतरचा. पुढे कापसाचं जे झालं ते आज आपल्याला माहीत आहे म्हणून ते हसू खोटं ठरवू नका. कव्हर काढणाऱ्याला पुढचं माहीत नव्हतं, शेतकऱ्यालाही नव्हतं.

सालई
आर्वीकरांचा हा प्रतिसाद मला फार पटला.

तुरीच्याशेंगा
सत्यकथेची कव्हरं आठवतात का कोणाला? आमच्या वाचनालयात यायची. नवचित्रकलेची, आकार आणि रेषा. ग्रंथपाल काका अंक उलटा-सुलटा करून कोणती बाजू वर ते ठरवायचे आणि मग शिक्का मारायचे. ललितच्या दिवाळी अंकावर वसंत सरवट्यांचं चित्र असलं की मात्र सगळा गाव ते बघायला यायचा. गर्दी, गंमत, प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी चाललेलं.

मास्तरीण
मूळ प्रश्नातल्या रेडिओबद्दल एक सांगायचं राहिलं. वीज नव्हती म्हणजे रेडिओ नव्हता असं नाही. नागपूरचं आकाशवाणी केंद्र 1948 ला सुरू झालं. खेड्यात ग्रामपंचायतीचा बॅटरीवरचा रेडिओ असायचा आणि संध्याकाळी पारावर लोक जमायचे. स्वतःच्या घरी ठेवायचा तर पोस्टात परवान्याची फी भरावी लागे. म्हणजे मोठ्या आईंनी रेडिओ ऐकला असणार, पण पारावर पुरुषांच्या मागे, लांबून. कव्हरावरची बाई तो स्वतःच्या खोलीत, एकटी, पुस्तक वाचता वाचता ऐकते आहे. त्या चित्रात मोठ्या आईंसाठी नवीन काय होतं, तर मला वाटतं दिव्यापेक्षा आणि रेडिओपेक्षा ती खुर्ची. दुपारी कोणी हाक न मारता खुर्चीत बसून वाचायला मिळणं.

काळीकसदार
मास्तरीणताई, वाचून थांबलो थोडा वेळ. आमच्या घरात खुर्च्या होत्या, पण त्या बैठकीत. बायका तिथे बसत नसत. मोठी आई वाचायची ती चुलीपुढे, पाटावर, तूर शिजेपर्यंत.

सातपुडा यांचं म्हणणं मला अजूनही पटतं, कापूस वेचणारी कव्हरावर यायला हवी होती. पण ही खुर्चीतली बाई परक्या काळातली म्हणून मी बाजूला ठेवली होती, तशी आता ठेवणार नाही. कोणत्या वर्षाचं कव्हर आहे ते मात्र कळायला हवं. नाव नाही, सही नाही. खाली किंमत ‘50 न. पै.’ अशी आहे, आणि मागच्या बाजूला जाहिरातीखाली अर्धवट पत्ता: ‘…पेठ, नागपूर (मुंबई राज्य)’. यावरून काही सांगता येईल का?

ट्रेडलमशीन
अहो, तुम्ही तर सगळंच हातात घेऊन बसला आहात! ऐका.

नागपूरच्या पत्त्यावर स्वातंत्र्याच्या आगेमागे सी. पी. किंवा मध्यप्रांत लिहायचे. 1950 नंतर मध्यप्रदेश. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. म्हणजे ‘नागपूर (मुंबई राज्य)’ हा पत्ता जेमतेम साडेतीन वर्षं चालला. त्यात ‘न. पै.’ म्हणजे नये पैसे. दशमान नाणी आली 1 एप्रिल 1957 ला, त्याआधी किंमत आण्यांत असती. तेव्हा तुमचं कव्हर एप्रिल 1957 ते एप्रिल 1960 या मधलं. जुना पत्ता कोणी तसाच छापत राहिला असेल तर थोडं मागेपुढे.

इतरांसाठीही सांगून ठेवतो. किंमत नुसत्या ‘पैशांत’ असेल तर बहुधा 1964 नंतरचं, कारण त्या वर्षी जूनपासून ‘नये’ गेलं. पत्त्यात पिन कोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचं. कव्हरावर चित्राऐवजी नटीचा गुळगुळीत फोटो आणि ऑफसेटची छपाई असेल तर बहुतेक त्याहूनही पुढचं. चित्रकारांचं काम तिथून कमी होत गेलं. दलाल 1971 ला गेले, मुळगावकर 1976 ला.

लाखनीवाला
म्हणजे आपला अख्खा इलाखा तीन राज्यं फिरून आला आणि ते कव्हराच्या मागच्या बाजूला लिहिलेलं आहे. ट्रेडलमशीन काका, दंडवत.

पिंपळपान
आणि त्या साडेतीन वर्षांच्या तोंडावरच, 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर दोन आठवड्यांत, आमच्या वस्तीतल्या भिंतींवरची जुनी चित्रं उतरली आणि बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरी लागल्या. त्याच नागपूरच्या परिसरात. कोणत्या भिंतीवर काय चिकटवलं होतं आणि कधी उतरवलं, याचाही इतिहास कोणीतरी लिहावा.

सातपुडा
पिंपळपान, तो तुम्हीच लिहा. मी आमच्या गावच्या भिंतींचं लिहून पाठवतो.

काळीकसदार
ट्रेडलमशीन काका, मनापासून आभार. 1957 ते 60. म्हणजे मोठी आई तेव्हा लग्न होऊन नुकतीच या घरात आली होती.
आता कव्हरं ठेवायची कशी? लॅमिनेट करून घ्यावीत का?

ट्रेडलमशीन
लॅमिनेट अजिबात करू नका! उष्णतेनं कागद आणि शाई खराब होऊ शकते आणि ते परत कधी सुटत नाही. चिकटपट्टीही लावू नका. पिन किंवा टाचेची तार राहिली असेल तर ती गंजते, हलक्या हातानं काढा. प्रत्येक कव्हर वेगळ्या साध्या पांढऱ्या कागदात, आडवं, पत्र्याच्या पेटीत. पेटी जमिनीला आणि भिंतीला लागू देऊ नका. पावसाळा संपला की एकदा उघडून सावलीत वारा द्या. आणि आधी सगळ्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागची बाजू विसरू नका.

पूर्णाकाठ
काळीकसदार भाऊ, मी दर्यापूरच्या बाजारात येतच असतो. भिंग हाये माह्याजवळ, बुढ्याचं. येऊ का पाह्याले? अन् घर उतरोताना भितीवर काही चिकटलेलं दिसलं त मजुराले सांगा, खरडू नका म्हना, मी येईलोक.

काळीकसदार
या ना भाऊ, जेवायलाच या. मागच्या खोलीची भिंत अजून उभी आहे आणि तिच्यावर चुन्याखाली काहीतरी रंगीत दिसतं आहे. तुम्ही येईपर्यंत हात लावू देत नाही कोणाला.